बैठकींत आहे

मनुष्य घरांत आहे कीं नाहीं, या प्रश्नाचें उत्तर स्वतः त्या मनुष्यानें देऊं नये, असा आपल्याकडचा जुना संकेत आहे. घरांत बसून "मी घरीं नाहीं" असें ओरडून सांगणारा गृहस्थ फक्त विनोदी गोष्टींतच सांपडतो. खऱ्या संसारांत हें काम दुसऱ्या कोणाकडे तरी असतें. कधीं ओसरीवर खेळणाऱ्या मुलाकडे, कधीं गड्याकडे, आणि बहुतेक वेळां घरच्या बाईकडे. इंग्रजांच्या बड्या घरांतून हा हुद्दा दरवाजावरील नोकराकडे असे. बाईसाहेब घरीं नाहींत, असें तो गंभीर चेहऱ्यानें सांगे, आणि त्या उत्तराला कोणी खोटें म्हणत नसे; बाईसाहेब वरच्या मजल्यावर चहा घेत आहेत, हें विचारणारालाही ठाऊक असे.

हल्लीं हें काम एका यंत्राकडे आलें आहे. निदान माझ्यापुरतें तरी आलें आहे, आणि तें यंत्र माझ्याविषयीं जगाला काय सांगत असतें याचा विचार करण्यांत माझ्या गेल्या कांहीं बुधवारच्या दुपारी गेल्या आहेत.

आमच्या कचेरींत आम्ही परस्परांशीं बोलतों तें बहुतेक लिहूनच. चार हातांवर बसलेला मनुष्यही शेजाऱ्याला लिहून विचारतो. मग परगांवच्या आणि परदेशच्या मंडळींची गोष्ट काय सांगावी! यासाठीं जें साधन आम्ही वापरतों त्याचें नांव स्लॅक. इंग्रजींत या शब्दाचा अर्थ सैल, ढिला असा होतो, आणि कामाच्या साधनाला हें नांव कोणाला सुचलें असेल याचें मला पहिल्यानें नवल वाटलें होतें. पुढें कळलें कीं, 'सर्व संभाषणांची व ज्ञानाची शोधतां येण्याजोगी नोंद' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांचीं तीं आद्याक्षरें आहेत. या साधनांत प्रत्येकाच्या नांवाशेजारीं एक बारीक टिकली असते. मनुष्य यंत्रापुढें असला म्हणजे ती हिरवी. दहा मिनिटें कळफलकाला किंवा माउसाला हात लागला नाहीं कीं ती पोकळ होते. ही झाली हजेरी. तिच्याखेरीज, शंभर अक्षरांत मावेल असें एक वाक्यही आपल्या नांवापुढें लावून ठेवतां येतें. त्याला आपण पाटी म्हणूं. २०१७ सालीं ही पाटीची सोय निघाली तेव्हां तिच्याबरोबर पांच वाक्यें तयारच दिलेलीं होतीं: बैठकींत आहे, प्रवासांत आहे, आजारी आहे, सुटीवर आहे, दुरून काम करीत आहे. नोकरदार मनुष्याचें सारें जीवित या पांच वाक्यांत बसवणारा गृहस्थ कोण असेल तो असो, त्याला मीं मनांतल्या मनांत नमस्कार केला आहे.

परंतु पाटी लावणें जितकें सोपें, तितकें ती काढण्याची आठवण ठेवणें अवघड. सुटीवरून येऊन आठ दिवस कामांत बुडालेला मनुष्य नांवापुढें मात्र अजून माडाखालीं पहुडलेला दिसे. बैठक संपून तास लोटला तरी 'बैठकींत आहे' हीं अक्षरें हलत नसत, आणि खरोखर बैठकींत अडकलेल्याला तीं लावायची सवड मिळत नसे. आतां, प्रत्येकाचा दिवस गूगलच्या दिनदर्शिकेंत चौकटीचौकटींनीं भरलेला असतोच. मग दिनदर्शिकेला जें ठाऊक आहे तें पाटीला कां ठाऊक नसावें? या प्रश्नांतून दोघींची गांठ मारून देण्याची युक्ति निघाली. करावयाचें फार थोडें. दिनदर्शिकेचें जोडसाधन स्लॅकमध्यें बसवावें. आपली दिनदर्शिका वाचण्याची आणि आपली पाटी बदलण्याची त्याला परवानगी द्यावी. आणि एक खटका चालू करावा. मग अकराची बैठक असली कीं अकराला आपल्या नांवापुढें दिनदर्शिकेचें इवलेंसें चित्र येतें, 'बैठकींत आहे' अशीं अक्षरें उमटतात, आणि साडेअकराला तीं पुसलीं जातात. आपण बैठकींतून उठलों असों वा नसों, बैठक मुळांत भरली असो वा नसो. यंत्र त्या खोलींत डोकावून पाहत नाहीं. त्याचा सारा विश्वास लिहून ठेवलेल्यावर.

ही कल्पना वाटते तितकी नवी नव्हे. १९७१ सालीं अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रयोगशाळेंत लेस अर्नेस्ट नांवाच्या गृहस्थांनीं 'फिंगर', म्हणजे बोट, या नांवाची एक आज्ञावली लिहिली. एकच मोठा संगणक पुष्कळांनीं मिळून वापरण्याचे ते दिवस. त्या वेळीं संगणकावर कोण कोण आहे याची यादी निघे, आणि लोक तिच्यावरून बोट फिरवीत, हवें तें नांव शोधीत खालीं खालीं जात; तें पाहून हें नांव सुचलें. पुढें कोणीं तरी म्हटलें कीं, आपण जागेवर कां नाहीं हें सांगण्याचीही सोय असावी. तेव्हां प्रत्येकाला 'प्लॅन' नांवाची एक चिठ्ठी ठेवतां येऊं लागली. कोणीं त्याची चौकशी केली कीं ती चिठ्ठी पुढें येई. पाटी आणि दिनदर्शिका यांचें लग्न खरें म्हणजे तेव्हांच ठरलें. मुहूर्त मात्र पंचेचाळीसएक वर्षें लागला नाहीं.

मध्यंतरीं या विषयाचें शास्त्र झालें. २००० सालीं संगणकांच्या जाळ्याचे नियम ठरवणाऱ्या मंडळींनीं उपस्थितीवर एक टिपण काढलें. त्यांत ज्याची उपस्थिति कळवायची त्याला एक नांव आहे आणि ती पाहणाराला दुसरें. पाहणारा तो 'वॉचर'. त्या वॉचरांतही प्रकार आहेत. एक येऊन विचारून जाणारा, दुसरा ठराविक वेळानें पुन्हा पुन्हा येऊन विचारणारा, आणि तिसरा 'कांहीं बदल झाला तर मला कळवा' म्हणून नांव नोंदवून स्वस्थ बसणारा. वाईला आमच्या आळींत हे तिन्ही प्रकार राहत होते; त्यांना हें टिपण वाचायला मिळालें असतें तर आपली शास्त्रांत गणना झाल्याचा त्यांना संतोष वाटला असता. दिनदर्शिकांची एका यंत्रांतून दुसऱ्या यंत्रांत देवघेव कशी व्हावी याचे जे नियम १९९८ मध्यें ठरले, त्यांत आणखी एक मौज आहे. दिवसांतील नोंद तेथें 'अपारदर्शक' तरी असते किंवा 'पारदर्शक' तरी. अपारदर्शक म्हणजे तेवढा वेळ भरला; पारदर्शक म्हणजे नोंद आहे, पण मनुष्य मोकळा. मेहुण्याचा वाढदिवस पारदर्शक, साहेबांची बैठक अपारदर्शक. हे दोन शब्द माझ्या मनांत घर करून राहिले आहेत.

आमच्या घरीं दिनदर्शिका भिंतीवर असे. 'कालनिर्णय' १९७३ मध्यें निघालें, आणि थोड्याच वर्षांत तें आमच्या स्वयंपाकघरांत फडताळाशेजारच्या खिळ्यावर येऊन बसलें. एकादशी-चतुर्थीसाठीं म्हणून तें घेतलेलें असलें तरी आई त्याचा उपयोग निराळाच करी. दूधवाला आला नाहीं कीं त्या तारखेच्या चौकटींत ती पेन्सिलीनें एक फुली मारी. भांडीवाली आली नाहीं कीं खालच्या कोंपऱ्यांत एक आडवी रेघ. महिनाअखेरीस हे खाडे मोजून हिशेब व्हायचा. 'खाडा' या शब्दाला इंग्रजींत नेमका जोडीदार मला अजून मिळालेला नाहीं. ती गैरहजेरी खरीच, पण चौकटींत मांडलेली आणि पैशांत मोजलेली गैरहजेरी. तेव्हां माणसाच्या असण्या-नसण्याची दिनदर्शिकेशीं गांठ घालण्याचा उद्योग आमच्या फडताळापाशीं फार पूर्वींपासून चालू होता, असें म्हणावयास हरकत नाहीं. आईचा स्वतःचा खाडा मांडायला मात्र त्या कालनिर्णयावर जागा नव्हती.

वडील शाळेंत शिक्षक होते. आम्ही त्यांना नाना म्हणत असूं. गांव त्यांना मास्तर म्हणे. "मास्तर आहेत का घरांत?" अशी हांक दिवसांतून पांच-सात वेळां यायची. आई पदराला हात पुशीत बाहेर येई, उंबरठ्याच्या आंतूनच आलेल्या माणसाकडे एकवार पाही आणि उत्तर देई. वर्गणी मागायला आलेल्यांना, "शाळेंत गेलेत, पांचला येतील." विम्याच्या एजंटाला, "परगांवीं गेलेत हो." मुलाचे गुण वाढवून मागायला आलेल्या बापाला, "पूजेला बसलेत, वेळ लागेल." आणि परीक्षेच्या फीचे पैसे नाहींत म्हणून चौकटीला धरून उभ्या राहिलेल्या पोराला, "ये रे आंत, आहेत." या चारही वेळीं नाना माजघरांत झोंपाळ्यावर वर्तमानपत्र वाचीत बसलेले असत.

ती खोटें बोले असें मला लहानपणींही वाटलें नाहीं. ज्याला जें उत्तर मिळे तें त्याला शोभणारें असे, आणि मुख्य म्हणजे तें त्याला कळेही. 'परगांवीं' गेलेल्या नानांना संध्याकाळीं घाटावर पाहून विम्याचा एजंट निमूटपणें नमस्कार करी. त्याला आपली पायरी समजलेली असे. कोणाला कोणती अनुपस्थिति द्यायची याचा निवाडा ती उभ्या उभ्या करी, तव्यावरची भाकरी करपायच्या आंत करी, आणि माझ्या आठवणींत तो एकदांही चुकलेला नाहीं.

यंत्राला हें येत नाहीं. तें वर्गणीवाल्यांना आणि फीवाल्या पोराला एकच पाटी दाखवतें. माझ्या ओळखीच्या कित्येकांना हा यंत्राचा मोठा उणेपणा वाटतो. ते जुन्या आतिथ्याची आठवण काढून उसासे टाकतात. मला त्यांच्या सुरांत सूर मिळवतां येत नाहीं. आमच्या कचेरींत एक तरुण बाई आहेत. त्यांचें मूल सात महिन्यांचें आहे. दिवसांतून दोनदां अर्ध्या अर्ध्या तासाची एक अपारदर्शक चौकट त्यांनीं आपल्या दिनदर्शिकेंत आंखून ठेवली आहे. पूर्वीं अशा वेळीं कोणाला तरी कांहीं तरी सांगावें लागे, आणि ऐकणारा समजूतदार चेहरा करी. काम टळलें नव्हतें, चेहरा मात्र सोसावा लागे. आतां तीन अक्षरांचें काम यंत्र करतें आणि चेहरा कोणी करीत नाहीं. यंत्राला कुतूहल नाहीं, हा त्याचा मोठा गुण आहे.

शिवाय आईचें तें उंबरठ्यावरचें न्यायदान फुकट होत होतें असें नाहीं. त्याचें मोल ती देत होती. "वहिनी मोकळ्या आहेत का?" असें विचारून आमच्या दारांत कोणी उभा राहिल्याचें मला आठवत नाहीं. तिची टिकली पहांटे पांचपासून रात्रीं दहापर्यंत हिरवी. नानांना झोंपाळ्यावर निवांतपणें वाचतां यावें म्हणून ती उठे; तिला दुपारीं घटकाभर पाठ टेकतां यावी म्हणून उठणारें कोणी नव्हतें. यंत्राविषयीं तक्रार करतांना आम्ही पुरुष मंडळी हें सोयीस्करपणें विसरतों. आम्हांला आठवतें तें जुनें आतिथ्य म्हणजे बहुधा कुठल्या तरी बाईचें उभें राहणें असतें.

टिकलीची गोष्ट मात्र निराळी. ती हिरवी राहावी म्हणून माउस आपोआप हलवीत राहणारीं खेळणीं बाजारांत मिळतात, आणि २०२४ सालीं अमेरिकेंतील एका मोठ्या बँकेनें, कळफलकावर काम चालू असल्याचा देखावा केला म्हणून डझनाहून अधिक लोकांना कामावरून दूर केलें. पाटी आपण आपल्या इच्छेनें लावतों; टिकली आपल्यावर लावलेली असते. हा भेद लक्षांत ठेवला म्हणजे पुष्कळ गोष्टी समजतात. असो.

आई आतां पुण्याला माझ्याकडे असते. तिला चौऱ्याऐंशी वर्षें झालीं, आणि गेल्या चार वर्षांपासून स्मृति तिला हळूहळू सोडून चालली आहे. दिवसभर तिच्याजवळ एक मावशी असतात. बुधवारीं दुपारीं त्यांना त्यांच्या घरचें काम असतें. म्हणून त्या दिवशीं मी घरून काम करतों, आणि तीन ते पांच सारें बाजूला ठेवून आईपाशीं बसतों. रात्रीं अमेरिकेंतल्या मंडळींशीं बोलायचें असतेंच. ते दोन तास तेथें फिटतात. दिनदर्शिकेंत मीं बुधवारची तीन ते पांच अशी चौकट आंखली, तींत एकच शब्द लिहिला, 'आई', आणि नोंद खाजगी ठेवली. तीन वाजले कीं यंत्र ती नोंद वाचतें, वेळ भरलेला आहे एवढें पाहतें, आणि मी बैठकींत असल्याचें जाहीर करतें.

पहिल्या बुधवारीं तें वाचून मला हंसूं आलें. इंग्रजींत तें विधान खोटें होतें. मराठींत आणल्यावर मात्र खरें ठरलें. बैठक घातलेली होतीच. ती खुर्चींत, मी खालीं सतरंजीवर, मध्यें निवडायला घेतलेल्या शेंगदाण्यांचें ताट. विषयपत्रिकाही दर आठवड्याला तीच असते. आज शाळेला सुटी आहे का? वाईला पाऊस झाला का? तुझें लग्न झालें का रे? प्रत्येक प्रश्न नव्यानें येतो, आणि त्याला नव्यानें उत्तर द्यावें लागतें.

मागच्या महिन्यांत अशाच एका बुधवारीं दारावरची घंटा वाजली. जाळीच्या दारांतून पार्सलवाल्या मुलानें माझें आडनांव उच्चारून, "आहेत का?" म्हणून विचारलें. मी उठायच्या आंत आई खुर्चींतून म्हणाली, "शाळेंत गेलेत. पांचला येतील." नाना २०११ सालीं गेले. मी तिच्यापासून दोन हातांवर बसलेला होतों. तो मुलगा एकदां तिच्याकडे, एकदां माझ्याकडे पाहूं लागला. 'मीच तो' असें म्हणावें, तर आईचा शब्द तिच्यादेखत खालीं पडत होता. मीं कांहीं न बोलतां दार उघडून, शेजाऱ्याचें घ्यावें तसें तें पार्सल घेतलें.

अर्ध्या तासानें तळमजल्यावरचे एक वृद्ध गृहस्थ आले. तेही पूर्वींचे शिक्षक. ते अधूनमधून आईची विचारपूस करायला येतात; तिला त्यांचें नांव आठवत नाहीं. त्यांनीं कांहीं विचारायच्या आधींच ती आवाज उतरवून म्हणाली, "आहेत, बसा ना. आंत पेपर तपासताहेत." मी चकित झालों. गांव सुटलें, वार-तारीख गेली, नानांचें जाणेंही गेलें. पण पार्सलवाल्याला काय सांगावें आणि दारीं आलेल्या मास्तरांना काय सांगावें, हा विवेक जागच्या जागीं होता.

तिच्या मनांतील पाटीची गांठ कुठल्या तरी जुन्या दिनदर्शिकेशीं बसलेली आहे, एवढेंच. त्या दिनदर्शिकेंत रोज शाळा भरते आणि रोज पांच वाजतां सुटते. माजघरांत कोणी आहे कीं नाहीं हें ती डोकावून पाहत नाहीं. लिहिलेलें आहे तें सांगते. डॉक्टर म्हणतात, अशा वेळीं त्यांना दुरुस्त करीत बसूं नका. तिला दुरुस्त करण्याचा अधिकार मला आहे असेंही मला वाटत नाहीं. साडेचारपासून तिचें लक्ष घड्याळाकडे लागतें. पावणेपांचला, "आधण ठेवायला हवं," म्हणून ती उठूं पाहते, आणि मी ठेवतों. पांचला घंटा वाजते. मावशी आलेल्या असतात. "आले वाटतं," असें म्हणून ती पदर सारखा करते. त्याच सुमारास, दुसऱ्या खोलींत उघड्या राहिलेल्या यंत्रावर, माझ्या नांवापुढचीं अक्षरें पुसलीं जातात.

कचेरींत त्या बुधवारच्या बैठकीविषयीं तर्क चालले आहेत, हें मला उशिरां कळलें. दर आठवड्याला, ठरलेल्या वेळीं, सलग दोन तास, आणि तेही खाजगी, म्हणजे कोणी तरी मोठें गिऱ्हाईक येऊं घातलें आहे, असा बहुमताचा कौल होता. आतांपर्यंत तिघांनीं मला प्रत्यक्ष विचारलें. आमच्या वरच्या साहेबांना मीं सांगितलें कीं, घरगुती काम असतें, वेळ रात्रीं भरून काढतों. त्यांना रात्रीचा भाग आवडला. "सर, नवीन प्रोजेक्ट येतोय का?" असें उत्सुकतेनें विचारणाऱ्या एका उमेदवाराला मीं म्हटलें, "जुनाच आहे, बरीच वर्षें चालू आहे." आणि ज्या बाईंचें मूल सात महिन्यांचें आहे त्यांना मीं सारी हकीकत सांगितली. त्यांनीं समजूतदार चेहरा केला नाहीं. "शेंगदाणे निवडतां कीं सोलतां?" एवढेंच त्यांनीं विचारलें.

ती चौकट आंखतांना दिनदर्शिकेनें मला एक प्रश्न विचारला होता. नोंद दर आठवड्याला पुन्हा यायची असली म्हणजे ती हें विचारतेच: ही नोंद संपवायची केव्हां? पुढें तीन पर्याय असतात. अमुक तारखेला, अमुक वेळां झाल्यावर, किंवा कधींच नाहीं. त्यांपैकीं 'कधींच नाहीं' यावर खूण आधींच केलेली असते. मीं ती तशीच राहूं दिली आणि खालचें बटण दाबलें.